दुपारी दोननंतर गळ गुंडाळा!

उन्हाळ्यात नदी तापली की अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या मासेमारीचं वेळापत्रकच बदलतं. सॅमन आणि स्टीलहेडच्या मागे वेडे झालेले लोक भर सीझनमध्ये गळ आवरून घरी जातात. का?

मासे पकडायला काय लागतं? गळ, दोरी, आमिष आणि भरपूर पेशन्स. ओरेगॉन किंवा वॉशिंग्टनमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये नदीवर निघालेल्या अनेकांच्या सॅकमध्ये आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे थर्मामीटर. आधी पाण्याचा ताप बघायचा, मग ठरवायचं की आज गळ टाकायचा की नुसतंच काठावर बसून सँडविच खायचं.

पहाटे उठल्यावर पहिलं काम मोबाइलवर. नदीत आज किती क्युसेक पाणी आहे आणि त्याचं तापमान किती, हे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या मोजणी केंद्रांवरून जवळजवळ लाइव्ह कळतं. आपल्याकडे पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की टीव्हीवर क्युसेकचे आकडे झळकतात, तसेच हे आकडे. फरक इतकाच की तिथे बारीवर जाण्याआधी पोरंसुद्धा ते तोंडपाठ सांगतात. पाणी कमी, ऊन कडक आणि तापमान वीस अंशांच्या वर, असं कॉम्बिनेशन असेल तर प्लॅन कॅन्सल.

वीस अंश सेल्सिअस. मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्यापुढे हे पाणी म्हणजे फ्रिजमधलंच वाटेल. पण सॅमनसाठी इथूनच त्रासाला सुरुवात होते.

आधी ओळख करून घेऊ

आपल्याकडे हॉटेलच्या मेन्यूकार्डावर 'इंडियन सॅमन' दिसतो. तो आपला रावस, चवीला फर्स्टक्लास, पण सॅमनचा नातेवाईक नाही. सुशीवर जो केशरी तुकडा असतो तो बहुतेक वेळा शेततळ्यासारख्या पिंजऱ्यात वाढवलेला अटलांटिक सॅमन असतो. आपण बोलतोय ते पॅसिफिक महासागरातल्या जंगली सॅमनबद्दल. उत्तर अमेरिकेत त्याच्या मुख्य पाच जाती: चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. जन्म नदीत, तारुण्य समुद्रात आणि शेवट पुन्हा जन्माच्या नदीत. अंडी घातली की हे पाचही मरतात. त्यांचा प्रवास एकदाच, आणि तोही वन वे.

स्टीलहेडची गंमत वेगळी. रेनबो ट्राउट नावाचा जो मासा नदीतच आयुष्य काढतो, तोच मासा समुद्रात जाऊन आला की त्याला स्टीलहेड म्हणतात. जात एकच. एका भावाने गावातच राहायचं ठरवलं, दुसरा परदेशी जाऊन धष्टपुष्ट होऊन आला, असा प्रकार. शिवाय स्टीलहेड अंडी घातल्यावर मरेलच असं नाही. काही मासे पुन्हा समुद्रात जातात आणि पुन्हा येतात.

यातला 'समर रन' म्हणजे उन्हाळी स्टीलहेड साधारण मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान नदीत शिरतो. अंडी मात्र घालतो पुढच्या हिवाळ्याच्या अखेरीस किंवा वसंतात. म्हणजे मधले कित्येक महिने तो नदीत राहतो, आणि या काळात जवळजवळ काहीच खात नाही. समुद्रात साठवलेल्या चरबीवर सगळा प्रवास. चार्जर घरी विसरून ट्रेकला निघालेल्या मोबाइलसारखी त्याची अवस्था. प्रत्येक उडी, प्रत्येक धावपळ त्याच बॅटरीतून वजा होते.

मग न खाणारा मासा गळाला लागतोच कसा? चिडून, सवयीने, की आणखी कशाने, यावर तिथले लोक शेकोटीभोवती तासन् तास वाद घालू शकतात. पिसं आणि दोरा गुंडाळून बनवलेली खोटी माशी, म्हणजे 'फ्लाय', समोरून गेली की तो कधी कधी झडप घालतो. तासन् तास काहीच घडत नाही आणि मग एकदम हिसका बसतो, या एका क्षणासाठी लोक नोकऱ्या सोडून नदीकाठी राहायला गेले आहेत.

पाणी तापलं की काय होतं?

बारावीची केमिस्ट्री आठवा. पाणी जेवढं गरम, तेवढा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, वीस अंशांच्या पाण्यात साधारण ९.१. म्हणजे जवळपास वीस टक्के घट. त्यात मासा थंड रक्ताचा. भोवतालचं पाणी तापलं की त्याचं शरीरही तापतं, चयापचय वाढतो आणि त्याला ऑक्सिजन जास्त लागायला लागतो. मागणी वाढली, पुरवठा घटला. इकॉनॉमिक्सवाल्यांना पुढचं सांगायला नको.

अशा वेळी तो गळाला लागला तर दहा मिनिटं जिवाच्या आकांताने लढतो. आपण चारशे मीटर जोरात धावल्यावर पाय भरून येतात, तसंच त्याचंही होतं. थंड पाण्यात तो सावरतो. गरम पाण्यात सोडून दिल्यावर तो पोहत जाताना दिसतो, सोडणाऱ्याला बरं वाटतं, आणि तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी तो कुठल्या तरी डोहात तळाशी जाऊन मरतो. ते बघायला कुणी नसतं. 'पकडा आणि सोडा' या सगळ्या पद्धतीतला हा सर्वात अवघड मुद्दा आहे. आपल्या हातून मासा मेला की जगला, हे आपल्याला कळतच नाही.

पाणी २१-२२ अंशांच्या वर गेलं की सॅमनचा प्रवास मंदावतो किंवा थांबतो. कोमट पाण्यात रोगजंतूंचं फावतं, कल्ल्यांना आणि कातडीला संसर्ग होतो. पंचविशीच्या आसपास फार वेळ राहावं लागलं तर जिवावरच बेततं.

घुबडांची वेळ

यावर तिथे एक नियम आहे आणि त्याचं नाव झकास आहे, 'हूट आउल'. म्हणजे घुबडांची वेळ. शंभरेक वर्षांपूर्वी लाकूडतोडे कोरड्या उन्हाळ्यात पहाटेच कामाला लागायचे, कारण दुपारच्या उन्हात करवतीच्या ठिणगीने वणवा पेटायची भीती. त्या अंधारात घुबडांचे आवाज ऐकू यायचे, म्हणून हे नाव. आता तेच नाव मासेमारीला चिकटलंय. नदी ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की दुपारी दोननंतर मासेमारी बंद. मोंटानात ट्राउटच्या नद्यांवर हे जवळजवळ दर उन्हाळ्यात होतं. तिथे पाणी सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण पावणेतेवीस अंश सेल्सिअसला पोहोचलं की हा नियम लागू होऊ शकतो. ओरेगॉन आणि वॉशिंग्टनमध्येही तो वापरला जातो.

दोनच का? कारण नदी हवेपेक्षा सावकाश तापते आणि सावकाश निवते. ऊन डोक्यावर असतं बाराला, पण पाणी सर्वात गरम होतं दुपार उलटून संध्याकाळकडे. सर्वात थंड असतं ते उजाडताना. म्हणून संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर नदीवर 'एक राउंड' मारायचा मोह उन्हाळ्यात सर्वात वाईट.

अडीच लाख मासे

हे सगळं जरा अतीच काळजीचं वाटत असेल तर २०१५ चा उन्हाळा बघा. त्या हिवाळ्यात डोंगरांवर बर्फ फार कमी साठला होता. या नद्यांचं उन्हाळ्यातलं पाणी म्हणजे वितळणारा बर्फ. बर्फ कमी, त्यात जूनमध्येच उष्णतेची लाट. कोलंबिया नदीत त्या वर्षी साधारण पाच लाख सॉकाय शिरले होते. त्यातले अडीच लाखांच्या आसपास गरम पाण्याने वाटेतच मेले. कोलंबियाची उपनदी स्नेक, तिच्यातून आयडाहोला निघालेल्यांपैकी तर जवळजवळ कुणीच पोहोचलं नाही.

आयडाहोच्या या सॉकायची कथा आधीच नाजूक. त्यांचं माहेर रेडफिश लेक. समुद्रापासून साधारण साडेचौदाशे किलोमीटर आत आणि जवळपास दोन हजार मीटर उंचीवर, वाटेत आठ मोठी धरणं. तळ्याचं नावच मुळी या लालबुंद माशांवरून पडलं. १९९२ मध्ये या तळ्यापर्यंत फक्त एक सॉकाय पोहोचला. नर होता. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'लोनसम लॅरी', एकटा लॅरी. त्यानंतर हॅचरीत पैदास करून ही जमात कशीबशी टिकवली गेली. २०२१ मध्ये पुन्हा पाणी तापलं, तेव्हा यातल्या काही माशांना चक्क ट्रकमध्ये घालून वर नेण्यात आलं.

२०२१ चा तो जून अनेकांना आठवत असेल. २८ जूनला ओरेगॉनमधल्या पोर्टलंडमध्ये पारा ४६.७ अंशांवर गेला. नागपूरकरांना यात काही वाटणार नाही, पण पोर्टलंडमधल्या कित्येक घरांत एसीच नव्हते. त्या महिनाअखेरीच्या लाटेत शेकडो माणसं दगावली. नंतरच्या आठवड्यांत कोलंबियाच्या एका उपनदीत अंगावर जखमा आणि पांढरी बुरशी आलेल्या सॅमनचे व्हिडिओ जगभर फिरले. त्याच वर्षी बॉनव्हिल धरणावर मोजलेले स्टीलहेड १९३८ पासूनच्या नोंदींमध्ये सर्वात कमी भरले. डेशूट्ससारख्या प्रसिद्ध नद्यांवरची स्टीलहेडची मासेमारी सरकारला बंद करावी लागली.

हो, या धरणावर मासे मोजतात. माशांना वर चढता यावं म्हणून बाजूने पायऱ्यापायऱ्यांचा पाण्याचा जिना असतो, त्याला काचेची खिडकी, आणि खिडकीपलीकडून जाणारा प्रत्येक मासा जातवार नोंदवला जातो. रोजचा आकडा जाहीर होतो. सगळे आकडे रडवणारे नसतात. २०२४ मध्ये याच खिडकीसमोरून साडेसात लाखांहून अधिक सॉकाय गेले, आजवरचा विक्रम. मात्र यातले बहुतेक ज्या ओकानोगन नदीकडे निघालेले असतात ती ऐन उन्हाळ्यात इतकी तापते, की मासे तिच्या तोंडाशी कोलंबियातच दिवसेंदिवस थांबून राहतात. ढग आले, दोन-चार दिवस गारवा आला की पुढे सरकतात.

गार पाण्याचे थांबे

असे थांबे हा या गोष्टीतला सर्वात इंटरेस्टिंग भाग. मुख्य नदी तापलेली असते, पण डोंगरातून, झाडीतून येणारे छोटे ओढे गार असतात. ते जिथे मिळतात तिथे गार पाण्याचा एक खिसा तयार होतो. स्टीलहेड अशा ठिकाणी आत वळतात आणि काही दिवस, कधी काही आठवडे मुक्काम ठोकतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कोलंबियाच्या खालच्या टप्प्यात असे १२ प्रमुख थांबे शोधले आणि २०२१ मध्ये त्यांचा आराखडा प्रसिद्ध केला.

आता विचार करा. तहानलेले, थकलेले शेकडो मासे एका छोट्या खिशात गोळा झालेत. मासे पकडायला याहून सोपी जागा कुठली? वर्षानुवर्षं नेमक्या याच जागी बोटींची गर्दी व्हायची. शेवटी ओरेगॉनने हर्मन क्रीक, ईगल क्रीक आणि डेशूट्सच्या मुखाशी जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मासेमारीला बंदी घातली. ज्यांच्या हातचा हमखास स्पॉट गेला ते अर्थातच वैतागले. 'परवान्याचे पैसे आम्ही भरतो, धरणं बांधली दुसऱ्यांनी, आणि आम्हीच थांबायचं?' हा त्यांचा प्रश्न चुकीचाही नाही.

कारण नदी तापवण्यात गळवाल्यांचा वाटा नाहीच. धरणांमागे पाणी महिनोन् महिने उन्हात पसरून राहतं. शेतीसाठी पाणी उचललं की उरलेली नदी उथळ होते, लवकर तापते. काठची झाडं गेली की सावली गेली. वरून हवामान बदल. गळवाला या रांगेत सर्वात शेवटचा. पण मासा मरणाच्या दारात उभा असताना शेवटचा धक्का कुणाचा लागतो, हाही हिशेब करावाच लागतो.

काही वेळा धरणच उपयोगीही पडतं. आयडाहोमधलं ड्वॉर्शाक धरण खोल आहे, तळाचं पाणी उन्हाळ्यातही थंडगार राहतं. ते जुलै-ऑगस्टमध्ये मुद्दाम सोडून खालची स्नेक नदी वीस अंशांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न होतो.

शेतकरी, आदिवासी आणि मासे

कॅलिफोर्निया-ओरेगॉनच्या सीमेवरची क्लॅमथ नदी हा वाद समजून घ्यायला सर्वात चांगली. २००१ मध्ये दुष्काळ पडला. माशांसाठी म्हणून शेतकऱ्यांचं कालव्याचं पाणी तोडलं गेलं. उभी पिकं करपली, लोक रस्त्यावर आले. २००२ मध्ये शेतीला पाणी मिळालं. सप्टेंबरमध्ये खालच्या भागात नदी उथळ आणि कोमट झाली, मासे दाटीवाटीने अडकले, रोग पसरला आणि किमान ३४ हजार मासे मेले. बहुतेक चिनूक. समन्यायी पाणीवाटपावरून आपल्याकडे जे वाद होतात ते ज्यांनी ऐकलेत, त्यांना यातली प्रत्येक बाजू ओळखीची वाटेल.

तिथल्या युरोक, करुक आणि क्लॅमथ या आदिवासी समाजांसाठी सॅमन म्हणजे वीकेंडचा खेळ नव्हता. ते जेवण होतं, सण होता, देवाण-घेवाण होती. कोलंबियावरच्या सेलायलो धबधब्यावर हजारो वर्षं मासेमारी चालत आली होती. १९५७ मध्ये डॅल्स धरणाच्या पाण्याखाली तो काही तासांत बुडाला. क्लॅमथच्या लोकांनी मेलेले मासे काठावर बघितल्यानंतर धरणं पाडण्याची मागणी लावून धरली. वीस वर्षांहून अधिक काळ. २०२३-२४ मध्ये क्लॅमथवरची चार धरणं खरोखर पाडली गेली, अमेरिकेच्या इतिहासातला असा सर्वात मोठा प्रकल्प. ऑक्टोबर २०२४ मध्ये चिनूक सॅमन ओरेगॉनमधल्या वरच्या भागात दिसले. १९१२ नंतर पहिल्यांदा.

काटा नसलेला गळ

आता एका माणसाबद्दल. ओरेगॉनमध्ये नॉर्थ अम्पक्वा नदीला स्टीमबोट क्रीक नावाची उपनदी मिळते. तिच्यात एक डोह आहे, जिथे उन्हाळ्यात शेकडो स्टीलहेड गार पाण्यासाठी जमतात. पूर्वी चोरटे तिथे सुरुंग टाकून मासे मारायचे, म्हणून डोहाचं टोपणनावच 'डायनामाइट होल' पडलं. ली स्पेन्सर हा पुरातत्त्वाचा अभ्यासक १९९९ पासून दर वर्षी या डोहाशी मुक्काम करायला लागला. सोबत कुत्री आणि वही. महिनोन् महिने काठावर बसून तो माशांची राखण करायचा, त्यांची प्रत्येक हालचाल टिपून ठेवायचा. या नोंदींतून २०१७ मध्ये 'अ टेम्पररी रेफ्यूज' हे पुस्तक झालं.

स्पेन्सर स्वतः पट्टीचा मासेमार. पण माशांकडे इतकं बघितल्यावर त्याने आपल्या फ्लायच्या गळाचं टोकच कापून टाकलं. मासा येतो, झडप घालतो, तो हिसका जाणवतो आणि मासा निघून जातो. त्याला तेवढं पुरायचं. सगळ्यांनी असं करावं असं नाही, तिथल्या बहुतेकांना ते जमणारही नाही. पण या छंदात नेमकं काय हवं असतं, हे त्याने स्वतःला विचारलं होतं.

बॉक्स: उन्हाळ्यात नदीवर जाताना

दर वर्षी आपल्याकडची कितीतरी मुलं एमएससाठी सिएटल, कॉर्व्हॅलिस, पोर्टलंडकडे जातात. तिथे रूममेट 'चल फिशिंगला' म्हणालाच तर एवढं माहीत असू द्या.

• प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा. सॅमन-स्टीलहेडसाठी पकडलेल्या माशांची नोंद करायचं कार्डही लागतं. नियम नदीनुसार आणि आठवड्यानुसार बदलतात, निघण्यापूर्वी बघून घ्या.

• पाठीवर शेपटीजवळ एक छोटा मांसल पर असतो. तो कापलेला असेल तर मासा हॅचरीतला, नियमात बसत असेल तर घरी नेता येतो. तो पर शाबूत असेल तर मासा जंगली, बहुतेक ठिकाणी सोडावाच लागतो.

• उजाडताना सुरुवात करा, ऊन पाण्यावर आलं की आवरा. उन्हाळ्यात मासे खळखळत्या, फेसाळ पाण्यात सापडतात, कारण तिथे ऑक्सिजन जास्त. पाणी नितळ असतं, त्यामुळे फ्लाय छोटी, दोरीचं टोक लांब आणि बारीक, आणि चालणं मांजरीसारखं.

• गळाला उलटा काटा नको, म्हणजे तो पटकन निघतो. मासा जितक्या लवकर काठाशी आणाल तितकं बरं.

• फोटो पाण्यातच. वॉशिंग्टनमध्ये सोडायचा स्टीलहेड पूर्णपणे पाण्याबाहेर काढणं बेकायदा आहे, इन्स्टासाठीसुद्धा.

• मासेमारी नको असेल तर सिएटलच्या बॅलर्ड लॉक्सला जा. काचेपलीकडून जिना चढणारे सॉकाय जुलैमध्ये आणि चिनूक ऑगस्टमध्ये बघता येतात. तिकीट नाही.

आपल्या ओढ्यावर

पहिल्या पावसात गाभोळीने भरलेले मासे ओढ्यातून, शेतातून वर चढतात, तेव्हा कोकणात आणि घाटावर रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं निघतात. चढणीच्या माशांची मजा ज्याने अनुभवली आहे त्याला ती सांगायला नको. मासा अंडी घालायला निघालेला असतो आणि त्याच वाटेवर सर्वात सोपा सापडतो, हे गणित कोलंबियावर आणि आपल्या ओढ्यावर सारखंच आहे. आपल्याकडे ना काचेची खिडकी, ना रोजचा आकडा. दहा वर्षांपूर्वी किती चढायचे आणि आता किती, हे गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीतच उरतं. झूलॉजी किंवा एन्व्हायर्नमेंटच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर एक साधा थर्मामीटर आणि एक वही पुरते. गावच्या ओढ्याचं तापमान पहाटे आणि दुपारी, रोज, महिनाभर लिहून काढा. तिकडची आकडेवारीही कुणीतरी खिडकीशी बसून एकेक मासा मोजला म्हणूनच उभी राहिली.

आणि दोनचा नियम? तो पाळायला लावायला प्रत्येक वळणावर पोलीस नसतो. पावणेदोनला पाणी साडेएकवीस अंश असेल, तर कायद्याने अजून पंधरा मिनिटं शिल्लक असतात. त्या पंधरा मिनिटांत गळ टाकायचा की नाही, हे काठावर उभ्या असलेल्या एकट्या माणसानेच ठरवायचं असतं.